विकायलाही शिकू या : वसईच्या टोपलीचा धडा



आपण ऊस पिकवतो, तो तुटतो, काट्यावर वजन होते, आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत बिल मिळायला हवे. या सगळ्यात "माझा ऊस घ्या हो" असे कुणाला म्हणावे लागत नाही. सहकाराची ही मोठी सोय. पण तिच्यामुळे एक उणीव राहून गेली. आपले गिऱ्हाईक एकच, आपलाच कारखाना! म्हणून घरचा गूळ, काकवी, आंतरपिकाची भाजी घेऊन परक्या दारात उभे राहायची वेळ आली की जीभ अडखळते. भाव सांगताना आवाज खाली जातो, अन्‌ दलाल म्हणेल तो दर आपण मुकाट घेतो. मुलाने दुकान घातले तरी हीच गत.

हा धडा घ्यायला वसईकडे पाहावे. सांडोर, पापडी, आगाशी हा विहिरींवरच्या बागायतीचा मुलूख. केळी, पानवेली, फुले, भाजी ही तिथली पिके. पूर्वी ऊसही होत असे. 1864 साली रेल्वे आली आणि मुंबईचे गिऱ्हाईक हाताशी आले. या भागातल्या बायाबापड्यांनी टोपल्या घेऊन गाडी पकडली व माल मुंबईच्या बाजारात नि दारोदार नेऊन विकला. आज शहर वाढले, बागा आकसल्या. पण या धंद्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, नेम. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी टोपली दारात आली की गिऱ्हाईक वाट पाहू लागते. एकदा गेलो अन्‌ महिनाभर फिरकलो नाही, तर ओळख कशी जमायची?

दुसरी, टोपलीच्या वर जो माल तोच तळाशी. वर ताजे, खाली शिळे भरले तर एकदाच खपेल. कमअस्सल माल वेगळा काढून तसा सांगून स्वस्तात द्यावा.

तिसरी, हिशेब. धीर येतो तो हिशेबातून. समजा 50 किलो गुळाला ऊस, मजुरी, बांधणी, गाडीभाडे मिळून 2,500 रुपये लागले. म्हणजे किलोला 50 रुपये पडले. हा आकडा ज्याला पाठ आहे, तो घासाघीस सुरू झाली तरी डगमगत नाही. कुठवर उतरायचे हे त्याला ठाऊक असते.

चौथी, न खपलेल्या मालाची सोय. वसईची सुकेळी प्रसिद्ध आहे. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात वाळवतात. पिकलेले केळ दोन दिवसांत विकावे लागते, सुकेळे मात्र गिऱ्हाइकाची वाट पाहू शकते. ज्याला आजच विकायची घाई नाही, त्याच्या बोलण्यात आपोआप जोर येतो. आपल्याकडे रसाची काकवी नि गूळ होतो तो याच न्यायाने.

पाचवी, वही. कुणी काय नेले, कधी नेले, उधारी किती, हे लिहून ठेवावे. "मागल्या खेपेचा गूळ कसा निघाला, ताई?" एवढे विचारले तरी माणूस आपला होतो. तक्रार आली तर वाद न घालता माल बदलून द्यावा. उधारीला मात्र हद्द ठेवावी. तुंबलेल्या उधारीपायी गिऱ्हाईक तोंड चुकवू लागते आणि पैसा व माणूस दोन्ही जातात.

राहिला प्रश्न नकाराचा. दहा दारी गेलो तर निम्म्याहून अधिक लोक "नको" म्हणतील. त्यात अपमान कसला? त्यांना आज गरज नाही, इतकेच. कारण विचारावे, नमस्कार करून पुढे जावे.

या हंगामात एवढेच करून पाहू या. पाच घरे निवडावी, घरचा जिन्नस चाखायला द्यावा, भाव स्पष्ट सांगावा आणि आठ दिवसांनी पुन्हा जावे. खाण्याचा पदार्थ विकताना अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी तेवढी विसरू नये. ऊस आपला कारखाना घेईलच, पण बाकीच्या मालाचा भाव आपणच सांगायचा आहे.