झोत डोक्यावरून जावा

लेझरचा झोत साध्या दिव्यासारखा पसरत नाही. पार लाइट वीस-तीस फुटांवर फिका पडतो. लेझर मैदानाच्या टोकालाही बराचसा प्रखर असतो. डोळ्यात शिरला की दृष्टिपटलावर बारीक ठिपक्यात एकवटतो, आणि पापणी मिटेपर्यंत पाव सेकंद जातो. ५०० मिलिवॉटच्या पुढचे लेझर सर्वांत धोकादायक चौथ्या वर्गात मोडतात. स्टेजवरचे बहुधा कित्येक वॉटचे असतात. दृष्टिपटलाला वेदना नसते, त्यामुळे इजा उशिरा लक्षात येते.

प्रस्तुत लेखकाला हा धडा गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात मिळाला. यंत्र ट्रसवर पक्के होते, नेम प्रेक्षकांच्या डोक्यावरून होता, दुपारी तपासणीही झाली होती. संध्याकाळी कुणीतरी मागच्या कमानीला चंदेरी चमकीची झालर बांधली. पहिल्याच गाण्यात झोत तिच्यावरून उलटला. चित्रीकरणासाठी लेखकाने लावलेल्या कॅमेऱ्यात हिरवी रेघ उमटली, ती कायमची. ब्लॅकआउटचे बटण दाबले, तर झोत चालवणारा संगणकच अडकलेला! शेवटी प्लग उपटला. कॅमेरा उंच मचाणावर होता, माणसे खाली होती.

जुलै २००८ मध्ये रशियातल्या एका खुल्या संगीत महोत्सवातही असेच घडले होते. पावसामुळे प्रेक्षकांवर आच्छादन ताणले गेले. आकाशाकडे जायचे झोत खाली परतले आणि तीसेक जणांच्या दृष्टिपटलाला इजा झाली.

म्हणून मांडणीत काहीही बदलले, अगदी झालरसुद्धा, की कमी शक्तीवर तपासणी पुन्हा करावी. अमेरिकी नियमानुसार झोत प्रेक्षकांच्या जमिनीपासून किमान ३ मीटर वर आणि बाजूने २.५ मीटर दूर हवा. गॅलरी किंवा दहीहंडीचे थर असतील तर ही उंची अर्थातच अपुरी. यंत्राच्या तोंडाशी खालच्या बाजूने लोखंडी पट्टी बसवावी. सॉफ्टवेअर चुकले तरी झोत तिच्याखाली उतरत नाही. झोत फिरवणारे यंत्रातले आरसे थांबले की झोत एकाच जागी खिळतो, तेव्हा तो आपोआप तोडणारी सोय यंत्रात असावी. आणीबाणीचे लाल बटण संगणकामार्फत नव्हे, थेट यंत्राला जोडलेले हवे. ते दाबणाऱ्याची नजर मोबाइलवर नको, प्रेक्षकांवर हवी.

मिरवणुकीतल्या ट्रॉलीवर यातले काहीच टिकत नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक कोन बदलतो, आणि समोरच्या गच्चीत माणसे उभी असतात. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझर झोतांवर बंदी घातली, ती योग्यच होती.