पाटीवरील शब्द आणि बाजारातील पत

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा शहर मागे टाकून साकोलीच्या दिशेने निघाला की वाटेत लाखनी हे तालुक्याचे ठिकाण लागते. पूर्वी क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग आता क्रमांक ५३ झाला आहे. सभोवार धानाची शेती व तलाव, आणि गावात लहान दुकानदार, कारागीर व महिलांचे बचत गट, असे या परिसराचे चित्र आहे. जाहिरातीसाठी वेगळा पैसा काढून ठेवावा, अशी या व्यावसायिकांची स्थिती नसते. दुकानावरील पाटी, पाकिटावरील मजकूर, पावतीवरील नाव आणि ग्राहकाला स्वतःची करून दिलेली ओळख, एवढीच काय ती त्यांची जाहिरात. साहजिकच तिच्यातील प्रत्येक शब्दाला मोल आहे. "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही" असे आपल्याकडे म्हणतात. परंतु काय बोलावे आणि कोणत्या शब्दांत बोलावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

वस्तूचे नाव

भंडारा जिल्ह्यात शेतात उभे असते ते धान, गिरणीतून निघतो तो तांदूळ आणि ताटात वाढला जातो तो भात. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात मात्र उभ्या पिकालाही भात म्हणतात. एकाच राज्यातील दोन ग्राहक एकाच शब्दाचा असा निराळा अर्थ घेऊ शकतात. तेव्हा मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात माल नेणाऱ्या गटाने आपला शब्द टाकून देऊ नये, तर त्याच्यासोबत एक ओळ समजुतीची द्यावी.

समजा, दोन पाकिटे शेजारी शेजारी ठेवली आहेत. एकावर "उत्तम दर्जाचा तांदूळ" एवढेच लिहिले आहे. दुसऱ्यावर वाणाचे नाव, तो पिकविणारे गाव, कोणत्या हंगामातील आहे आणि नवा आहे की जुना, हे लिहिले आहे. पहिल्या पाकिटावरील शब्द कोणालाही, कोणत्याही तांदळासाठी वापरता येतात. म्हणून ते काहीच सांगत नाहीत. दुसऱ्या पाकिटावरील प्रत्येक शब्द ग्राहकाला पडताळून पाहता येतो आणि तेथेच विश्वासाला आरंभ होतो.

"भंडारा चिन्नोर" या सुगंधी तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन म्हणजे एका अर्थाने शब्दाचे कायदेशीर संरक्षणच होय. १९९९ च्या भौगोलिक मानांकन अधिनियमानुसार अशा नावाचा व्यापारी वापर करण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावयाची असते. दुसराच तांदूळ त्या नावाने विकणे हा गुन्हा ठरतो. मानांकन मिळाले म्हणून आपोआप भाव वाढत नाही; नोंदणी करून ते नाव पाकिटावर योग्य रीतीने आणले, तरच त्याचा उपयोग.

नाव हरवले तर काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले होते. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने आपल्या संकलनात तशाच घडणीच्या चपला मांडल्या. त्यांचे वर्णन केवळ "चामड्याच्या चपला" असे होते. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेल्यानंतर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. चपलेची घडण तीच होती, परंतु नाव गळाले आणि त्याबरोबर कारागिराचे श्रेयही गळाले.

कामाचे नाव

वस्तूला नाव असते, तसे ती घडविणाऱ्या हातांनाही नाव असते. बलुतेदारीच्या व्यवस्थेत कामाचे नाव हेच जातीचे नाव झाले. त्यामुळे कसबाची ओळख देणारा शब्द अनेकदा अवहेलनेचा शब्द बनला. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्यामागे हीच जाणीव होती. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रमाणपत्र व ओळखपत्र देण्याची तरतूद आहे. ओळखपत्रावर कामाची नोंद असते, जन्माची नव्हे. हा फरक लहान नाही. मजूर म्हणून उभा राहिलेला माणूस रोजीची विचारणा करतो. विणकर म्हणून उभा राहिलेला माणूस आपल्या वस्त्राची किंमत सांगतो. विदर्भातील टसरच्या करवतकाठी साडीचे नाव तिच्या काठावरील करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीवरून आले आहे. ती विणणाऱ्याने स्वतःस केवळ मजूर म्हणविले, तर त्या नक्षीमागील कौशल्याची किंमत कोण करणार?

पदनाम कसे असावे, याचा धडा "उमेद" म्हणजेच महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानात मिळतो. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रशिक्षित महिलांसाठी तेथे "समुदाय संसाधन व्यक्ती" ही संज्ञा आहे. अहवालात ती शोभते. परंतु शेळीपालन करणाऱ्या कुटुंबाच्या दारात तिचा अर्थ समजावून सांगावा लागतो. याच व्यवस्थेतील "पशुसखी", "कृषीसखी", "बँक सखी" ही नावे मात्र ऐकताक्षणी कळतात. पशुसखी म्हणजे जनावरांची प्राथमिक देखभाल सांगणारी गावातलीच बाई, हे कोणी सांगावे लागत नाही. विशेष म्हणजे या नावात खोटा मोठेपणा नाही. पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्यासाठी १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार नोंदणी लागते. "सखी" हा शब्द त्या अधिकारावर हक्क सांगत नाही. जेवढे काम, तेवढेच नाव. म्हणून ते टिकते.

फुगविलेली नावे

याउलट, एकट्याने दुकान चालविणारा मालक पाटीवर स्वतःस "संचालक" म्हणवितो. वास्तविक संचालक हे कंपनी किंवा सहकारी संस्थेतील जबाबदारीचे पद आहे. कंपनीशी करार नसताना "अधिकृत विक्रेता" लिहिले जाते. "शासनमान्य" हा शब्द तर फारच सहज वापरला जातो. शासनाचा आश्रय आहे असा भास निर्माण करणाऱ्या नावांच्या व बोधचिन्हांच्या गैरवापरास १९५० च्या अधिनियमाने प्रतिबंध केला आहे, याची अनेकांना कल्पनाही नसते.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. "शुद्ध", "ताजे", "नैसर्गिक", "पारंपरिक" यांसारखे शब्द केव्हा वापरावेत, याच्या अटी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांत घातल्या आहेत. कारखान्यात तयार झालेल्या मालावर "घरगुती" लिहून ग्राहकाची दिशाभूल करता येत नाही. "सेंद्रिय" हा शब्दही केवळ कौतुकाचा नाही. दुकानातून विकल्या जाणाऱ्या मालासाठी त्यामागे प्रमाणीकरण असावे लागते. फसव्या जाहिरातींविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार कारवाई होऊ शकते. अर्थात कायद्याची भीती हे एकच कारण नव्हे. महानगरात दुखावलेल्या एका ग्राहकाची जागा दुसरा घेतो. लाखनीसारख्या गावात ग्राहक मोजके व परस्परांच्या ओळखीचे असतात. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" असा अनुभव एका घरी आला, की बाजाराच्या दिवशी तो साऱ्यांना कळतो.

काय करता येईल

राज्यातील दुकाने व आस्थापनांवर मराठी नामफलक असणे बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही हा नियम लागू झाला. फलक मराठीत आहे एवढ्याने काम भागत नाही. त्यावरील मराठी वाटसरूला कळली पाहिजे. "एंटरप्रायजेस" हा शब्द देवनागरीत लिहिला म्हणून आत काय मिळते ते समजत नाही. "पितळी भांडी व दुरुस्ती" या चार शब्दांनी ते तत्काळ समजते.

ग्रामपंचायतींना यात बरेच करता येईल. गावातील कारागिरांची यादी करताना "इतर मजूर" अशा मोघम रकान्याऐवजी प्रत्येकाच्या कसबाचे नेमके नाव लिहावे. बचत गटाच्या पाकिटावरील मजकूर छपाईस जाण्यापूर्वी गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचला जावा. वस्तू कोणती, कोणी तयार केली, वजन किती, किंमत काय आणि तक्रार कोणाकडे करावी, या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत की नाहीत, हे पाहावे. जो शब्द सिद्ध करता येणार नाही, तो गाळावा. शिक्षकांना तर ही भाषेच्या तासाचीच सामग्री आहे. बाजारातील दहा पाट्या उतरवून आणून त्यांतील कोणता शब्द माहिती देतो आणि कोणता नुसता आवाज करतो, याची छाननी विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल.

लहान व्यवसायाचे भांडवल थोडे असते. शब्द मात्र त्याला फुकट मिळतात आणि म्हणूनच ते बेफिकिरीने खर्च होतात. परंतु पाटीवर लिहिलेला शब्द हे ग्राहकाला दिलेले वचन असते. ते वचन रोजच्या व्यवहारात पाळले गेले, तर गावातील दुकानाची व कारागिराची पत वाढल्यावाचून राहत नाही.