लॅपटॉप जोडावा की जोडलेला घ्यावा?

प्रश्न : मुलगा यंदा इंजिनिअरिंगला जातोय. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून लॅपटॉप घरीच जोडला तर स्वस्त पडेल का? – एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : डेस्कटॉप पडू शकेल, लॅपटॉप नाही. डेस्कटॉपच्या मदरबोर्डचं एटीएक्स हे माप इंटेलने १९९५मध्ये ठरवून दिलं, म्हणून एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. लॅपटॉपला असं सर्वमान्य माप नाही. बोर्ड, बिजागरी, पंखा, बॅटरी, सगळं त्या एका मॉडेलच्या बेताने केलेलं; प्रोसेसर तर हल्ली बोर्डावर सोल्डर केलेलाच असतो. बाजारात सुटे भाग मिळतात ते दुरुस्तीसाठी, आणि त्यांची बेरीज सहसा नव्या यंत्राच्या वर जाते. वॉरंटीही प्रत्येक भागाची वेगळी, मिळाली तर.

तुम्ही म्हणाल, कंपन्या जादा रॅमचे अव्वाच्या सव्वा पैसे लावतात. खरं आहे, आणि बचतीची जागा नेमकी तिथेच आहे. रॅमची एक खाच रिकामी असलेलं ८ जीबीचं मॉडेल घ्या. मागचं झाकण उघडून पट्टी तिरकी सरकवायची आणि बाजूच्या क्लिपा ‘टक्’ होईपर्यंत दाबायची, एवढंच काम. एसएसडीही पुढे बदलता येते. मात्र काही पातळ मॉडेलांत रॅम सोल्डर केलेली असते, तेव्हा पैसे देण्याआधी विचाराच. झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

मुलगा घरीच अभ्यास करणार असेल तर खुशाल डेस्कटॉप जोडा. पण सकाळच्या गर्दीत लोकलने ठाणं गाठायचं असेल, तर आधी वजन बघा.