होल्स्टर घेताना

बाळा, लायसन्स हातात पडलं, त्यावर रिव्हॉल्व्हर चढलं, आता तू होल्स्टर शोधतोयस असं तुझी आई सांगत होती. लाखाच्या घरातली वस्तू घेतल्यावर खिसा रिकामा झालेला असतो, म्हणून होल्स्टरच्या वेळी माणूस हात आखडता घेतो. घे, हरकत नाही. स्वस्तातलं होल्स्टर चांगलं असू शकतं. फक्त पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, एवढं माझ्याकडून ऐकून ठेव.

आधी कायदा. 2016 च्या शस्त्र नियमांत स्पष्ट लिहिलंय की रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेऊन चारचौघांत जायचं असेल तर ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये नाहीतर तशाच पिशवीत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि त्यावर आपला ताबा राहिला पाहिजे. म्हणजे शर्ट खोचून, पट्ट्याला उघडं रिव्हॉल्व्हर लावून पिंपळगावच्या मार्केटात फिरणारे जे दिसतात, ते रुबाब करत नाहीत, लायसन्सची अट मोडतात. अट मोडली की कैद आहे, दंड आहे, आणि कलेक्टर कचेरीतून लायसन्स रद्द होतं ते वेगळंच. लायसन्ससाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागलं, तिथे हे सांगितलं असेल. तरी पुन्हा सांगतो, कारण होल्स्टरची निवड इथूनच सुरू होते. जे तुझ्या रोजच्या शर्टाखाली झाकलं जाणार नाही, ते फुकट मिळालं तरी घेऊ नकोस.

दुकानात जाशील तेव्हा तुझ्या शस्त्राचं नाव नीट सांग. नुसतं 'पॉइंट बत्तीस' म्हणून भागत नाही. कानपूरचं जुनं .32 मधोमध मोडून भरायचं. 2023 साली आलेलं 'प्रबल' सिलिंडर बाजूला काढून भरायचं. 2014 चं 'निर्भीक' अर्ध्या किलोचं, हलकं. 'अशनी' तर पिस्तूल, चपटं. एकाचं होल्स्टर दुसऱ्याला बसतं असं सांगणारा दुकानदार माल खपवतोय. रिव्हॉल्व्हरला सिलिंडरचा फुगवटा असतो, होल्स्टर तिथेच पकड घेतं. तो फुगवटा जिथे सैल बसतो तिथे पुढचं सगळं सैल.

आता मुख्य गोष्ट. चाप आणि त्याच्याभोवतीची कडी पूर्ण आत गेली पाहिजे, आणि आत गेल्यावर बाहेरून बोटाने दाबलं तरी चाप हलता कामा नये. हे घरी करून बघ. रिव्हॉल्व्हर खाली कर, सगळी भोकं डोळ्यांनी बघ, बोट घालून चाचप, काडतुसं दुसऱ्या खोलीत कपाटात ठेव आणि मगच बघ. होल्स्टरमध्ये घालून चापाच्या जागेवर अंगठा दाब. कातडं आत दबून चाप जाणवला तर ते होल्स्टर परत कर. नायलॉनचं, वेल्क्रोचं, 'कुठल्याही पिस्तुलाला चालेल' म्हणून विकतात ते, बहुतेक इथेच नापास होतं. त्याचं दुसरं दुखणं असं की रिव्हॉल्व्हर काढलं की त्याचं तोंड मिटतं. परत घालायला डाव्या हाताने तोंड उघडून धरावं लागतं, म्हणजे आपलाच हात नळीपुढे येतो. ज्याचं तोंड आपोआप उघडं राहतं, जे एका हाताने भरता येतं, तेच घ्यायचं.

त्यानंतर पलंगावर गादी टाकून, रिकामं रिव्हॉल्व्हर घातलेलं होल्स्टर उलटं धर आणि हलव. पडलं तर नको. मग पट्ट्याला लावून उकिडवा बस, वाकून द्राक्षाच्या खोडाला हात लाव, ट्रॅक्टरवर चढ, मोटरसायकलवर टांग टाक. तुझा दिवस बागेत जातो, कचेरीतल्या खुर्चीवर नाही. दुकानातल्या आरशासमोर सरळ उभं राहून सगळीच होल्स्टरं चांगली दिसतात.

वरून अंगठ्याने सोडायची पट्टी आणि टिचबटण असलेलं घे. तुझ्यासारख्या वाकून काम करणाऱ्याला ते हवंच. पण पट्टी आखूड आणि ताठ असली पाहिजे. लांब, मऊ पट्टी परत घालताना आत मुडपते आणि चापाच्या कडीत शिरते. जॅकेटची नाडी, शर्टाचं टोक, तसंच. परत घालताना कधीही घाई नको. खाली बघायचं, कपडा बाजूला धरायचा, बोट चापाबाहेर सरळ ठेवायचं, मग सावकाश घालायचं. होल्स्टरमध्ये घालतानाच माणसं स्वतःच्या मांडीत गोळी मारून घेतात.

पैसे जिथे वाचवू नयेत ती जागा म्हणजे पट्टा. लोक होल्स्टरवर खर्च करतात आणि लग्नात मिळालेल्या पातळ पट्ट्याला ते अडकवतात. पाऊण किलो वजन एका बाजूला लटकलं की पातळ पट्टा वळतो, मूठ अंगापासून लांब जाते, शर्टावर उंचवटा दिसतो, आणि संध्याकाळी कंबर धरते. दीड इंच रुंद, दोन पदरी शिवलेला, जाड पट्टा करून घे आणि होल्स्टरची कडी त्याच मापाची ठेव. कडी सैल असली तर होल्स्टर पट्ट्यावर पुढेमागे सरकतं. तुझ्याकडे जेवढे पैसे असतील त्यातले निम्मे पट्ट्याला गेले तरी वाईट वाटून घेऊ नकोस. साध्या होल्स्टरला चांगला पट्टा सांभाळून नेतो, पण भारी होल्स्टरला वाईट पट्टा वाया घालवतो.

चांगलं आणि स्वस्त हवं असेल तर शिवून घ्यायचा मार्ग आहे, आणि आपल्या ओझरला तो सोपा आहे. पण एक लक्षात ठेव, माप द्यायला म्हणून रिव्हॉल्व्हर कारागिराच्या हातात द्यायचं नाही, दुकानात ठेवून यायचं तर मुळीच नाही. तुझ्या नावावरचं शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात गेलं की तो गुन्हा आहे. त्याऐवजी घरी बसून कागदावर रिव्हॉल्व्हर आडवं ठेव आणि पेन्सिलीने बाह्यरेषा काढ. सिलिंडरची, नळीची, मुठीची जाडी कॅलिपरने मोजून लिही. इथे एचएएलमधून निवृत्त झालेले फिटर, पॅटर्न करणारे गल्लोगल्ली आहेत. 1964 पासून एचएएलचा विमान कारखाना असलेल्या गावात मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्यांच्यापैकी कुणाकडून सागाच्या नाहीतर बाभळीच्या लाकडाचा तसाच ठोकळा करून घे. सिलिंडरचा फुगवटा आणि चापाच्या कडीची जागा नीट हवी, बाकी नक्षी नको. कारागिराला तो ठोकळा द्यायचा.

कातडं हिरडा-बाभळीत कमावलेलं माग, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसलं. क्रोमवर कमावलेलं मऊ, रंगीत, गुळगुळीत असतं आणि मऊ असतं म्हणूनच त्याला आकार राहत नाही. शिवाय त्यातल्या क्षारांनी लोखंडाला गंज चढतो. ओळखायचं कसं? कापलेली कड बघ. आत निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोम, आतबाहेर तपकिरी असेल तर आपलं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरतो आणि डाग गडद होतो. तीन-साडेतीन मिलिमीटर जाडी पुरे. शिवून झाल्यावर कातडं कोमट पाण्यात भिजवून, ठोकळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत घालायचा आणि अंगठ्यांनी कातडं ठोकळ्यावर दाबत जायचं. सिलिंडरचा गोलवा, कडीची कड, सगळं बाहेरून दिसायला लागतं. मग सावलीत वाळू द्यायचं, उन्हात नाही, चुलीजवळ तर नाहीच. दोन दिवसांनी ठोकळा काढताना 'टक' असा आवाज आला की पकड बसली म्हणायची. टाके मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे, दुहेरी, आणि चापाच्या कडीखाली एक टाक्यांची रांग जास्तीची.

किडेक्स म्हणून गरम करून वळवतात ते टणक प्लास्टिक मिळतं. तुझ्याच मॉडेलच्या मापाचं असेल तर उत्तम, घामाला आणि पावसाला ते दाद देत नाही. पण परदेशी पिस्तुलाच्या मापाचं 'चालवून घे' म्हणून कुणी दिलं तर नको. काखेतलं, घोट्याचं, ती सिनेमातली सोंगं आहेत, तुझ्या कामाची नाहीत. नेफ्यात खोचणं किंवा पॅन्टच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकणं हे तर तोंडातूनही काढू नकोस.

जागा कुठली? उजव्या हाताचा आहेस, तर उजव्या कमरेच्या हाडाच्या जरा मागे, बाहेरच्या बाजूने, पट्ट्याला घट्ट चिकटून. पॅन्टच्या आतलं होल्स्टर जास्त झाकलं जातं खरं, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामात ते रिव्हॉल्व्हरला गंजवतं आणि कातडीला सोलतं. घ्यायचंच झालं तर पॅन्ट दोन इंच मोठी शिवावी लागेल, तो खर्चही धर. थंडीत अडचण नाही. निफाडचा पारा किती खाली जातो ते तुला माहीत आहे, जॅकेट अंगावर असतंच. उन्हाळ्यात सरळ कापलेला, बाहेर सोडलेला, गडद चौकड्याचा बुशशर्ट घाल. पातळ पांढऱ्यातून सगळं दिसतं. आणि मोटरसायकलवर आग्रा रोडला लागलास की वाऱ्याने शर्ट मागे उडतो, तेव्हा वरून जॅकेटची चेन लावायची, नाहीतर गाडीने जायचं.

फवारणीच्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरी, कुलपात. मोरचूद लोखंडावर पडलं की तांबूस थर धरतं आणि खाली पोलाद खातं. बोर्डो मिश्रणाचे बारीक तुषार शर्टातून आत जातात, कातड्यात मुरतात आणि तिथेच राहतात. नंतर कितीही पुसलं तरी ते होल्स्टर रोज थोडं थोडं शस्त्र खात राहतं. एकदा औषध मुरलेलं होल्स्टर टाकूनच द्यायचं.

न्यायचं कुठे नाही, हेही होल्स्टर घेतानाच ठरव, म्हणजे रोज सकाळी विचार करावा लागणार नाही. चंपाषष्ठीला खंडेरावाच्या यात्रेत नाही. तिथल्या रेटारेटीत कुणाचा हात कुठे लागेल सांगता येत नाही. वरातीत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, आणि तुझ्या कमरेला आहे हे कळलं की 'काढ, एक होऊ दे' म्हणणारे मित्र निघतातच. जिथे घोटभरही घ्यायची शक्यता आहे तिथे नाही. कोर्टात, शाळेत, आपल्याच ओझरच्या विमानतळावर कुणाला सोडायला जाताना नाही. आणि भाऊबंदांशी बांधाचं बोलणं असेल त्या दिवशी कधीच नाही. त्या बैठकीत तुझ्या कमरेला काही आहे असा नुसता संशय आला तरी वीस वर्षांचं नातं तुटतं, आणि आवाज चढल्यावर आपला हात कुठे जाईल याची खात्री मी माझ्याबद्दलही देणार नाही.

लायसन्सवर क्षेत्र काय लिहिलंय ते वाच. द्राक्षाचे पैसे आणायला इंदूरकडे जाशील, तर सेंधव्याच्या अलीकडेच आपलं राज्य संपतं. क्षेत्र महाराष्ट्रापुरतं असेल तर शस्त्र घरी राहील. मूळ लायसन्स जवळ ठेव. नाकाबंदीत पोलिसांनी थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आधी तोंडाने सांग, "साहेब, माझ्याकडे लायसन्सचं शस्त्र आहे, उजव्या कमरेला आहे." सांगण्याआधी हात कमरेकडे न्यायचा नाही, लायसन्स काढायलासुद्धा नाही. म्हणून लायसन्स डाव्या खिशात ठेवायची सवय लाव. निवडणुकीत आचारसंहिता लागली आणि जमा करायचा आदेश आला तर पोलीस ठाण्यात जमा कर, पावती घे, पण होल्स्टर घरी ठेव. तिथल्या कपाटात महिनाभर कातड्यात पडलेल्या शस्त्राला गंज चढतो.

घरी आल्यावरही तेच. होल्स्टर वेगळं, रिव्हॉल्व्हर वेगळं. कातडं दमट हवा धरून ठेवतं. पावसाळ्यात पंधरा दिवस आत राहिलं तर नळीवर ठिपके आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर येतो. सुती फडक्यावर थोडं तेल घेऊन शस्त्र पुसून, कुलपाच्या कपाटात. पोरं लहान आहेत, किल्ली तुझ्याच कमरेला. होल्स्टरला मात्र तेल लावू नकोस, त्याने कातडं मऊ पडतं आणि मेहनतीने आणलेला आकार जातो. भिजलं तर ठोकळा आत घालून सावलीत वाळव, म्हणून तो ठोकळा जपून ठेव. दर दिवाळीला टाके बघ, कडी बघ, उलटं धरून हलवायची परीक्षा पुन्हा घे. टिचबटण सैल झालं तर थोडक्या पैशांत नवं बसवून मिळतं. तोंड मिटायला लागलं तर त्याच ठोकळ्यावर नवं होल्स्टर शिवून घे.