पाण्याखालची जमीन, हप्त्यांचा सौदा

कापडाचा ताका घेताना आपण तो उलगडून, उजेडात धरून पाहतो. जमीन घेताना मात्र अनेकजण नुसता नकाशा पाहून बयाना देतात. अशा सौद्याचा एक जुना दाखला अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सापडतो.

राज्याच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्स ही अफाट दलदल आहे. १९०५ साली गव्हर्नर झालेल्या नेपोलियन ब्रॉवर्ड यांनी कालवे खणून ती कोरडी करण्याचा चंग बांधला. १९०६ मध्ये ड्रेजर कामाला लागले, पण पैसा अपुरा पडला. म्हणून १९०८ मध्ये राज्याने रिचर्ड बोल्स या जमीन-व्यापाऱ्याला ५ लाख एकर दलदल एकरी २ डॉलरने दिली. यातली निम्मी रक्कम निचऱ्याच्या कामासाठी होती.

बोल्सने बहुतांशी १० एकरांचे तुकडे पाडले. एका कराराची किंमत २४० डॉलर, हप्ता महिना १० डॉलर. म्हणजे १० एकरांचा भाव एकरी २४ डॉलर, खरेदीच्या बारा पट! दूरदूरच्या लोकांनी जागा न पाहता करार केले. भरवशाला जे. ओ. राइट या सरकारी इंजिनिअरचा अहवाल होता. आठ कालवे पुरतील, असे त्यात म्हटले होते. पण पावसाचा अंदाज फार कमी धरला होता.

१९११ मध्ये फोर्ट लॉडरडेल येथे तुकड्यांचे वाटप झाले. अनेकांची जमीन पाण्याखाली निघाली. १९१२ मध्ये अमेरिकी संसदेत चौकशी झाली, तर १९१३ मध्ये बोल्सवर टपालाद्वारे फसवणूक केल्याचा आरोप ठेवला गेला.

जी जमीन कोरडी झाली, तिचाही ऐब पुढे दिसला. तिथली माती कुजलेल्या वनस्पतींची. वाळताच ती झिजत गेली, खचत गेली. १९२८ च्या वादळात ओकीचोबी तलावाचा बांध फुटला आणि किमान अडीच हजार माणसे दगावली. त्यांत शेतमजूर फार होते.

यातून तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात.

१. जमीन भर पावसाळ्यात, स्वतः जाऊन पाहावी.

२. अहवालावर शिक्का आहे एवढ्यावर थांबू नये. त्यातल्या आकड्यांची दुसऱ्या जाणकाराकडून खातरजमा करावी.

३. काम पुरे होण्याआधी हप्ते द्यायचे असतील, तर काम न झाल्यास पैसे परत मिळतील, हे करारात लिहून घ्यावे.

आणि आपण विकणारे असू, तर मालाचा ऐब आधी सांगावा. ग्राहक एकदा फसतो. दुकानाचे नाव कायमचे जाते.