राहून जाण्याआधी



अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊन पुढे तेथेच स्थायिक व्हावे, की पुण्यातील हातची नोकरी धरून येथेच राहावे, हा प्रश्न चिरंजीव पुतण्याने ज्या रीतीने मांडला आहे त्या रीतीने तो सुटण्याजोगा नाही. कारण जाणे आणि राहणे हे दोन्ही निर्णय एकाच दिवशी आणि कायमचे घ्यायचे असतात, असे त्यात गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात 'आता येथेच राहायचे' असे कोणत्या दिवशी ठरले, हे परदेशी स्थिरावलेल्या पुष्कळांना स्वतःलाही सांगता येत नाही. त्यांच्याविषयी मराठीत नेमके बोलले जाते : अमका तिकडेच राहून गेला. करायचे ठरवलेले काम झाले नाही, तर तेही 'राहून गेले' असेच म्हणतात, आणि या दोन्ही अर्थांत समान धागा हा, की तसे कोणी ठरवलेले नसते. प्रस्तुत पत्राचा रोख जाण्याविरुद्ध नाही. तो या न ठरवता राहून जाण्याविरुद्ध आहे.

सिंधुबंदी, म्हणजे समुद्र ओलांडण्यास असलेला धर्मशास्त्राचा निषेध, समाजात जिवंत होता त्या काळी जाणाऱ्याला निदान कारण तरी द्यावे लागे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर सभेत अमेरिकेला जाण्याची कारणे सांगितली, आणि त्या कारणांतच परतणेही अंतर्भूत होते, कारण त्यांना हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी वैद्य व्हायचे होते. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी मिळवून त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. परंतु त्यांचे जाणे कशासाठी होते याबद्दल तेव्हा किंवा नंतर कोणाला शंका राहिली नाही. याउलट पांडुरंग खानखोजे क्रांतिकारक म्हणून ब्रिटिश सत्तेच्या आवाक्याबाहेर पडले, मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले, मक्यावर मोलाचे संशोधन केले आणि स्वातंत्र्यानंतर उतारवयात नागपुरास येऊन राहिले. त्यांच्या कामाचे पीक मात्र मेक्सिकोच्याच मातीत उभे राहिले, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून परतले, या घटनेचे वर्णन बहुधा देशप्रेमाच्या भाषेत केले जाते. त्यांच्या विषयाचे काम चालू शकेल अशी टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा मुंबईत उभी होती, ही बाजू त्या वर्णनात झाकली जाते. परतण्यासाठी नुसता देश असून भागत नाही, बसून काम करायला जागाही लागते. म्हणून 'शिकून परत येईन' असे म्हणणाऱ्याने तो कोणत्या कामावर परत येणार, हेही स्वतःला विचारलेले असावे.

आता राहून जाणे कायद्याच्या वाटेने कसे घडते, ते पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत पदवीनंतर विद्यार्थ्याला शिक्षणाशी संबंधित नोकरी एक वर्ष करता येते आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या विषयांना त्यावर आणखी दोन वर्षे मिळतात. या तीन वर्षांत एच-वन-बी हा नोकरीचा तात्पुरता परवाना मिळवावा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० जागा आहेत, आणि अर्ज यापेक्षा पुष्कळ अधिक येत असल्यामुळे निवड सोडतीने होत आली आहे. परवाना प्रथम तीन व पुढे तीन, असा सहा वर्षांचा असतो; मात्र या काळात मालकाने केलेला कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज मंजूर झालेला असेल, तर सहा वर्षांनंतरही मुदत वाढत राहते. वरवर ही सवलत दिसते, पण राहून जाण्याचे खरे यंत्र हेच आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे साऱ्या जगासाठी वर्षाला साधारण १,४०,००० असतात, कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतील सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत, आणि येथे नागरिकत्व नव्हे तर जन्मभूमी मोजली जाते. परिणामी भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांबली आहे, की उच्च पदवीधरांच्या प्रवर्गात २०१३ च्या आरंभी रांगेत लागलेल्यांचा क्रमांक २०२५ साली येत होता. या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हाकलले जात नाही आणि आतही घेतले जात नाही. त्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधण्यासाठी सर्वसाधारणपणे ६० दिवस मिळतात. भारतातून सोबत नेलेले मूल वयाची एकवीस वर्षे ओलांडते, तेव्हा, वयगणनेच्या काही सवलती सोडल्यास, ते पालकांच्या अर्जातून गळते. 'रांगेत इतकी वर्षे काढली, आता सोडून कसे जायचे' हा विचार इथे निर्णयाची जागा घेतो. शिवाय नियम स्थिर नसतात : २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एका घोषणेद्वारे एक लाख डॉलरांचे शुल्क लादले गेले. म्हणून शैक्षणिक कर्ज काढताना ते भारतातील पगारातून फेडता येईल काय, याचे गणित मांडावे. डॉलरच्या पगाराशिवाय न फिटणारे कर्ज काढणे म्हणजे राहण्याचा निर्णय आधीच बँकेच्या हाती देणे होय.

या सर्व पायऱ्यांत मागे जवळजवळ न फिरवता येण्याजोगी पायरी एकच, ती म्हणजे नागरिकत्व. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर मिळणारे ओसीआय कार्ड, ज्याचे अधिकृत नाव 'भारताचा परदेशस्थ नागरिक' असे आहे, नावाप्रमाणे नागरिकत्व देत नाही : त्यावर व्हिसाविना येता-राहता येते, परंतु मतदान करता येत नाही, घटनात्मक पद घेता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, जरी वारसाहक्काने ती मिळू शकते. मुंबईत सदनिका घेऊ इच्छिणाऱ्यास या शेवटच्या अटीची किंमत कळणार नाही. कोकणात ज्याच्या आजोबांची कलमे आहेत त्याला ती कळावी.

येथे राहण्याची बाजूही तितक्याच कठोरपणे तपासली पाहिजे. दादांच्या पश्चात चिरंजीवाच्या आई, म्हणजे वहिनी, एकट्या आहेत म्हणून जाऊ नये, असे सांगणारे नातेवाईक बरेच भेटतील. त्यांपैकी किती जण आजारपणात रात्री दवाखान्यात बसतील, हा वेगळा प्रश्न. आईसाठी राहिलेला मुलगा पुढे प्रत्येक हुकलेल्या बढतीचा हिशेब आईच्या नावे मांडू लागतो, आणि तोही एका अर्थी न ठरवता राहून गेलेलाच असतो. वहिनींना न विचारता त्यांच्यासाठी त्याग करण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांना विचारावे, आणि त्यांचे उत्तर 'जा' असे असेल, तर त्यामागे दुसरा अर्थ शोधू नये.

काकांचा निर्वाळा असा, की चिरंजीवाने जावे. जलविज्ञानाच्या ज्या शाखेत त्याला काम करायचे आहे, तिचा अभ्यास दुष्काळ आणि पूर या दोहोंनी गांजलेल्या महाराष्ट्राला लागणारच आहे. मात्र निघण्यापूर्वी तीन प्रसंग कागदावर लिहून ठेवावेत : पदवीनंतरच्या तीन वर्षांची अखेर, परवान्याचे सहावे वर्ष, आणि मूल झाले तर ते शाळेत जाण्याचे वर्ष. त्या त्या वेळी 'राहणे चालू' हे उत्तर गृहीत न धरता प्रश्न नव्याने सोडवावा. राहावेसे वाटले तर राहावे. ठरवून राहिलेल्या माणसाबद्दल घरात कोणाची तक्रार असणार नाही.

एक काम तेवढे बाकी आहे. आजोबांच्या सातबाऱ्यावर दादांच्या पश्चात वहिनींची आणि चिरंजीवाची वारसनोंद अजून झालेली नाही. परदेशी गेल्याने हा हक्क बुडत नाही, परंतु मुखत्यारपत्र, वकिलातीतील साक्षांकन आणि टपाल यांत वर्षे निघून जातात. फेरफाराच्या नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची असते, तेव्हा व्हिसाच्या मुलाखतीआधी एकदा गावी येऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा आणि येताना दादांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती आणाव्यात.