निष्क्रिय खात्यातील शत्रू

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एच.आय.व्ही.वर लेख लिहावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या विषाणूचा व्यवहार समजून घेताना मला रोजकीर्द आणि खतावणी यांचीच फार मदत झाली. म्हणून शास्त्र शाखेच्या मित्रांची परवानगी घेऊन हा विषय मी आपल्या भाषेत मांडतो.

या विषाणूजवळ स्वतःचे भांडवल जवळजवळ नाही. माणसाच्या जनुकीय मजकुरात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. याच्या मजकुरात दहा हजारही नाहीत, आणि जनुके अवघी ९. एवढ्यावर धंदा चालत नाही. म्हणून तो रक्तातील सीडी-४ पेशींत शिरतो. रोगप्रतिकाराचा सारा कारभार हाकणारे मुनीम म्हणजे या पेशी. आत शिरल्यावर विषाणू आपल्या आर.एन.ए.ची डी.एन.ए.मध्ये नक्कल उतरवतो आणि ती पेशीच्या खतावणीत कायमची चढवतो. पुढे पेशी आपल्या नोंदी वाचता वाचता त्याचीही नोंद वाचते व त्याचा माल तयार करू लागते.

पेशी हे सारे मुकाट्याने सोसते असे मात्र नाही. ॲपोबेक-३जी नावाचे एक प्रथिन आपल्या पेशींत असते. विषाणूला रोखणारे म्हणून त्याची ओळख २००२ साली पटली. ते नव्या विषाणूबरोबर पुढच्या पेशीत जाते आणि तेथे नक्कल उतरत असतानाच तिची अक्षरे बदलून नोंद निकामी करते. विषाणूनेही यावर तोड काढली आहे. त्याचे व्हिफ हे प्रथिन पेशीच्याच साफसफाईच्या यंत्रणेकरवी या पहारेकऱ्याचा नाश घडवून आणते.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. उष्णता किंवा अन्य ताण आला की पेशीत ‘उष्णताघात प्रथिने’ वाढतात व इतर प्रथिनांची घडी सांभाळतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. देबाशीष मित्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २०११ साली याविषयी महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की, या कुळातील एच.एस.पी.-४० हे प्रथिन विषाणूच्या नेफ प्रथिनाला साथ देऊन त्याच्या जनुकांचे वाचन वाढवते, तर एच.एस.पी.-७० ते रोखते. एकाच घरातील दोन भाऊ. एक चोराला दिवा दाखवतो, दुसरा दार लावून घेतो! डॉ. मित्र पुढे आपल्या हैदराबादच्या सी.डी.एफ.डी. संस्थेचे संचालकही झाले.

आता मुख्य प्रश्न असा की, खतावणीत चढलेली नोंद केव्हा वाचली जाते? पेशीजवळ एन.एफ.-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन असते. एरवी ते केंद्रकाबाहेर स्वस्थ असते. रोगजंतूची चाहूल लागताच ते केंद्रकात जाऊन संरक्षणाची जनुके सुरू करते. विषाणूने आपल्या मजकुराच्या आरंभी नेमक्या याच प्रथिनाला बसण्याच्या जागा ठेवल्या आहेत. त्यामुळे शरीराने रक्षणासाठी कळ दाबली की विषाणूचाही दिवा लागतो. एकदा वाचन सुरू झाले की त्याचे टॅट प्रथिन तयार होते व वाचनाचा वेग कितीतरी पटींनी वाढवते.

युरोप-अमेरिकेत अधिक आढळणाऱ्या ‘बी’ प्रकारात अशा जागा साधारणतः दोन असतात. भारतात प्रामुख्याने असणाऱ्या ‘सी’ प्रकारात तीन. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रातील डॉ. उदय रंगा यांच्या गटाने २०१२ साली चार जागा असलेल्या भारतीय विषाणूंचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना याचा अभिमान वाटावा.

ही माहिती केवळ परीक्षेपुरती नाही. हिमायतनगरात एका औषधांच्या दुकानात मी संध्याकाळी हिशेब लिहितो. तेथे एका गिऱ्हाइकाने हळू आवाजात विचारले, “रक्तात विषाणू सापडत नाही असा रिपोर्ट आला. आता गोळ्या कशाला?” मालकांनी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले, ते योग्यच झाले. पण त्या प्रश्नाचे उत्तर वरील विवेचनातच आहे. काही पेशी विश्रांती घेत असतात. त्यांच्यातील नोंद वाचलीच जात नाही. औषधे विषाणूचे चालू काम रोखतात. मिटून पडलेल्या नोंदीला ती हात लावू शकत नाहीत. बँकेतील निष्क्रिय खाते म्हणजे बंद झालेले खाते नव्हे. गोळ्या थांबवल्या की बहुधा काही आठवड्यांतच त्यात पुन्हा उलाढाल सुरू होते. याउलट, गोळ्या नेमाने घेऊन रक्तातील विषाणू न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही.

या गोळ्या आज हाती येतात त्यामागे मोठा इतिहास आहे. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. आरंभीच्या सहा राज्यांत तेव्हाचे आंध्र प्रदेश, महाराष्ट्र व कर्नाटक ही तिन्ही होती. २०१७ च्या कायद्याने या रुग्णांशी नोकरीत, शाळेत वा इस्पितळात भेदभाव करण्यास मनाई केली.

मित्रहो, शास्त्रज्ञ आज ते निष्क्रिय खाते कायमचे बंद करण्याच्या वाटा शोधत आहेत. ते काम त्यांचे. आपल्या वाट्याचे काम सोपे आहे. एकत्र बसल्याने, जेवल्याने, हात मिळवल्याने हा रोग होत नाही, हे जाणून रुग्णाशी सरळ वागावे. लपूनछपून गोळी घ्यावी लागली की ती चुकते. आणि चुकलेल्या गोळ्यांचा फायदा फक्त विषाणूच्या खात्यात जमा होतो.